घेतलेलं काम परत करताना

(पिंपरी पेंढार इथल्या महिला मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेलं भाषण)



नाटकात काम कसं केलं, हे आपण नेहमी सांगतो. मी आज नाटकातलं काम कसं सोडलं, ते सांगणार आहे.

आठ मार्चसाठी आमच्या गटानं 'मुलगी झाली हो' बसवायचं ठरवलं. ज्योती म्हापसेकरांचं हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ साली उभं केलं आणि गावोगाव नेलं. बैठकीत मला विचारलं, मी लगेच हो म्हटलं. संवाद वहीत उतरवून घेतले. तालमी रात्री आठला, शाळेत.

चौथ्या दिवसापासून मी गेले नाही. शेजारच्या पोरीकडे निरोप दिला, "आमची वस्ती लांब, उसात बिबट्या आहे." आपल्या जुन्नर तालुक्यात या कारणाला कुणी खोटं म्हणत नाही. बिबट्या खरा होताच, पण माझी अडचण तो नव्हता. दुसऱ्या दिवशी ताई दारात. म्हणाल्या, "जीपची सोय केलीय. न्यायला येऊ, सोडायला येऊ." आता काय बोलणार?

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कुशीवर वळवायचं, ओलं बदलायचं. दिवसभर कांदा काढून आल्यावर हे सगळं मीच करायचं. नवरा घरातच असतो. त्याला म्हटलं, दोन तास आईजवळ बसा. तो म्हणाला, "घरात काय कमी नाटकं आहेत?"

बिबट्याचं नाव सांगायला लाज वाटत नाही. नवरा स्वतःच्या आईचं करत नाही, हे सांगायला वाटते. घराची अब्रू आपणच झाकत बसतो.

त्या दिवशी मी जीपमध्ये बसले, तालमीला गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "बिबट्याचं कारण खरं नव्हतं. घरी असं आहे. मला काम जमणार नाही. आणखी उशीर केला तर तुमची अडचण होईल, म्हणून आज सांगते. माफ करा." वही दुसरीला दिली. तीन दिवस दुपारी शेतात तिचे संवाद पाठ करून घेतले. कुणी रागावलं नाही. उलट दोघीजणी म्हणाल्या, आमच्याही घरी हेच आहे.

शेजारच्या नारायणगावच्या विठाबाईंची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण टाळ्या वाजवतो. पण "आज मला जमणार नाही" म्हणायची सोय त्या बाईला होती का, हे कुणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नाही म्हणायचं असेल तर स्वतः जाऊन, वेळेवर आणि खरं कारण देऊन म्हणा. आणि गटानंही काम देताना "येशील का?" एवढंच विचारू नये. "तुझ्यामागे घरी कोण बघणार?" हेही विचारावं.

नवरा अजून बदललेला नाही. हल्ली आठवड्यातून दोन रात्री नणंद येते. म्हणजे पुन्हा बाईच. पुढच्या बैठकीत यावर बोलू या, आणि त्या बैठकीला पुरुषांनाही बोलवू या.