भीतीचं व्याज

चिंता कुणाला नसते? मुलीची दहावी, घराचा हप्ता. आज त्या रोजच्या चिंतेविषयी बोलत नाही. चिंतेचा विकार जडलेला माणूस स्वतःच एक उपाय शोधून काढतो, तो म्हणजे टाळायचं. मला बोलायचंय ते या टाळण्यावर.

समजा, ठाण्याच्या एका बाईंना गर्दीच्या लोकलमध्ये एकाएकी धडधडायला लागलं. हातांना मुंग्या, श्वास पुरेना, 'आता काही मी वाचत नाही.' मुलुंडला धडपडत उतरल्या आणि थोड्या वेळात बरं वाटलं. घात होतो तो इथेच. असा झटका साधारण दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि आपला आपण ओसरतो. पण मन हिशेब मांडतं, उतरले म्हणून वाचले. झालं, लोकल बंद. मग बस, लिफ्ट, लग्नाचा हॉल.

टाळणं म्हणजे सावकाराचं व्याज भरणं. आजचा तगादा टळतो, मुद्दल तसंच राहतं. आणि घरची मंडळी? 'राहू दे गं, मी सोडतो स्कूटरवरून.' प्रेमापोटी तिचं व्याज हे भरतात! छातीत दुखलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, थायरॉइडही तपासावं. पण सगळं ठीक निघाल्यावर दर महिन्याला नवा ईसीजी कशाला? तेही व्याजच. पुन्हा सांगतो, मुद्दल तसंच राहतं.

मानसोपचारात मुद्दल फेडायला शिकवतात, झेपेल अशा हप्त्यांनी. आधी नुसतं फलाटावर उभं राहायचं, गाड्या जाऊ द्यायच्या. भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे, वहीत लिहायचे. गुण सत्तरवर असताना पळ काढायचा नाही, ते खाली आले की निघायचं. नंतर दुपारच्या रिकाम्या गाडीनं ठाणे ते मुलुंड, एकच स्टेशन. हे काही कालपरवाचं खूळ नाही. सशाला घाबरणाऱ्या छोट्या पीटरला आवडीचा खाऊ देत मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी ससा हळूहळू जवळ आणला, त्याची हकीकत 1924 साली छापून आली. पोरगं शेवटी सशाला कुरवाळू लागलं.

विचारांची बाजू राहिलीच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, तिच्याविषयी जरूर वाचा. काहींना गोळ्याही लागतात, त्यात कमीपणा नाही, एवढं लक्षात ठेवा.

मानसिक त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, नंबर 14416. रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येतं. घरच्यांनी हवं तर शेजारी बसावं. फोन मात्र त्या बाईंनाच लावू द्या.