पेशीतला कचरा आणि बहात्तर तास
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे, म्हणून थेट विषयावर येतो. मी शासकीय रुग्णालयात फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कोणी कोणता उपचार घ्यावा हे मी सांगणार नाही. पण औषधाच्या खिडकीवर एक प्रश्न नेहमी येतो आणि मागे रांग असल्यामुळे त्याचं उत्तर नीट देता येत नाही. प्रश्न असतो बोर्टेझोमिब या इंजेक्शनचा. मल्टिपल मायलोमा नावाच्या रक्ताच्या कर्करोगात ते देतात, बऱ्याचदा सोमवार-गुरुवार असं. नातेवाईक म्हणतात, "भाऊ, गुरुवारी घरी महालक्ष्म्या आहेत. गुरुवारचं इंजेक्शन बुधवारीच उरकून टाकलं तर?"

नाही चालत. का चालत नाही, ते कळायला पेशीच्या आत जावं लागतं.

प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ आणि पनीर आठवतं. पण पेशीतलं जवळजवळ प्रत्येक काम कुठलं ना कुठलं प्रथिन करत असतं. काही प्रथिनं काही मिनिटांतच मोडली जातात, काही अनेक दिवस टिकतात. मोडलेली वाया जात नाहीत, त्यांतली अमिनो आम्लं नव्या प्रथिनाला लागतात. मोडणाऱ्या एन्झाइमला प्रोटिएझ म्हणतात. ती कात्री समजा. त्या कात्रीत अडकून बसणारं रसायन म्हणजे प्रोटिएझ इनहिबिटर. एचआयव्हीच्या औषधांत हे नाव काहींनी ऐकलं असेल. तिथे विषाणूची कात्री बंद करतात. आज आपण बोलतोय ते आपल्याच पेशीतल्या कात्रीबद्दल.

१९५५ मध्ये ख्रिस्तियाँ द द्यूव या बेल्जियन शास्त्रज्ञाने पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांना लायसोसोम हे नाव दिलं. पेशीतलं सगळं मोडकाम तिथेच होत असावं, असं पुष्कळ वर्षं वाटत होतं. पण या पिशव्यांतल्या कात्र्या औषधाने बंद केल्या, तरी बरीच प्रथिनं मोडतच राहिली. म्हणजे दुसरी सोय कुठेतरी होती. १९७७ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्याने सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशी तपासल्या. त्यांत लायसोसोमचा मार्ग नव्हता, तरी बिघडलेली प्रथिनं मोडली जात होती आणि त्यासाठी पेशी ऊर्जा खर्च करत होती. जुनी भिंत पाडायला कशाला एवढा खर्च? खर्च पाडण्यापेक्षा निवडण्याचा होता, म्हणजे नेमकं कोणतं प्रथिन मोडायचं ते ठरवण्याचा.

ही निवड उलगडली इस्रायलच्या हैफा शहरातले अॅरन चिकानोव्हर व अवराम हर्श्को आणि अमेरिकेतले अर्विन रोझ यांनी. त्यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नको असलेल्या प्रथिनाला पेशी युबिक्विटिन नावाच्या ७६ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाची माळ चिकटवते. चिठ्ठीच ती, 'हे मोडा' अशी. ती पाहून प्रोटिअझोम नावाचं पिंप ते प्रथिन आत ओढतं. पिंपाला प्रत्येकी सात तुकड्यांची चार कडी असतात आणि कात्र्या आतल्या बाजूला. त्यामुळे चांगलं प्रथिन सहजी कापलं जात नाही. ही रचना मला फार आवडते. धारदार वस्तू मुलांच्या हाती लागू नये म्हणून कपाटात ठेवावी, तशी.

आपल्या इंदूरला रोज कचऱ्याची गाडी येते. ती दोन दिवस आली नाही, तर दोन माणसांच्या घरात फारसं अडत नाही. मंगल कार्यालयात मात्र पाय ठेवायला जागा उरणार नाही. मायलोमाची पेशी म्हणजे हे कार्यालय. प्रतिपिंडं बनवणारी पेशीच बिघडून मायलोमा होतो. ती सतत प्रथिनं बनवते आणि त्यांत चुकीच्या घडीची पुष्कळ निघतात. बोर्टेझोमिब प्रोटिअझोमची कात्री अडवतं. चिठ्ठ्या लागलेला माल आत साचतो, जगण्याचे काही संदेशही थांबतात आणि पेशी मरते. त्यात बोरॉन आहे, त्यावरूनच नाव. गंमत म्हणजे गोल्डबर्ग यांना हवं होतं स्नायूंची झीज थांबवणारं औषध. निघालं कर्करोगाचं. अमेरिकेत २००३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आता बुधवारचं उत्तर. ही कात्री आपल्या निरोगी पेशींतही आहे, तीही अडते. पण बोर्टेझोमिब कायमचं चिकटत नाही, हळूहळू सुटतं आणि निरोगी पेशीचं काम पूर्वपदावर येतं. त्यासाठीच दोन इंजेक्शनांत किमान ७२ तास ठेवायचे असतात. सोमवार ते गुरुवार बहात्तर होतात, सोमवार ते बुधवार अठ्ठेचाळीसच. पुरणपोळीसाठी निरोगी पेशींचे चोवीस तास कापायचे नाहीत. काही रुग्णांना आठवड्यातून एकदाच देतात, त्यांचं वेळापत्रक वेगळं. सण आड येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, परस्पर तारीख हलवू नका.

दुसरी गोष्ट ग्रीन टीची. 'नैसर्गिक आहे, काय बिघडतं' हे वाक्य मी रोज ऐकतो. प्रयोगशाळेत असं दिसलं आहे की ग्रीन टीतला एक घटक बोर्टेझोमिबच्या बोरॉनलाच धरून बसतो आणि औषध निष्प्रभ होतं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेबद्दलही तशीच शंका आहे. साधा दूध घातलेला चहा घेणाऱ्यांनी घाबरू नये, पण अर्क, कॅप्सूल, ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे या गोष्टी औषधात मोजल्याच जात नाहीत.

आणि पाय. या औषधाची झळ मज्जातंतूंना लागते. तळव्यांना मुंग्या, जळजळ, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, असं सुरू होतं. नसेऐवजी कातडीखाली इंजेक्शन दिल्यास हा त्रास कमी होतो, म्हणून आता ते बहुधा तसंच देतात. आपल्या घरची वडीलधारी मंडळी 'वय झालं, व्हायचंच' म्हणून बोलत नाहीत. लवकर कळलं तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा अंतर वाढवू शकतात, उशीर झाला तर मुंग्या राहून जातात. तेव्हा इंजेक्शनच्या दिवशी रुग्णाला पायांबद्दल तुम्हीच विचारा, आणि ते जे सांगतील ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.