हे पिस्तूल खरे असते तर?



उन्हाळा लागला की आपल्या गटांत पापड-कुरडयांची घाई सुरू होते. इंडोनेशियातही 'क्रुपुक' नावाचा पापड घरोघरी खातात. उन्हात वाळवायचा, तेलात फुलवायचा. आज आम्ही या क्रुपुकचीच गोष्ट सांगणार आहोत.

साल १९७७. इंडोनेशियात जनरल सुहार्तो यांची राजवट होती. लष्कराचा धाक होता, उघड बोलायची सोय नव्हती. अशा वेळी राजधानी जाकार्तातल्या प्रदर्शनात एफ. एक्स. हरसोनो या तरुण कलाकाराने पिस्तुलाच्या आकाराच्या गुलाबी क्रुपुकांचा ढीग मांडला. शेजारी टेबलावर एक वही ठेवली. प्रश्न एकच: ही पिस्तुले खरी असती, तर तुम्ही काय केले असते? बघायला येणाऱ्यांनी उत्तर वहीत लिहायचे.

तुम्ही म्हणाल, यात चित्र कुठे आहे? या प्रकाराला संकल्पनात्मक कला म्हणतात. यात हाताच्या सफाईपेक्षा विचार मोठा. वस्तू रोजचीच असते, पण ती बघणाऱ्याला विचार करायला लावते.

हरसोनो योग्यकार्ता शहरातल्या कलाशाळेत शिकत होते. १९७४ साली जाकार्तातल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात सजावटीच्या चित्रांना बक्षिसे मिळाली. लोकांच्या जगण्याशी कलेचे काहीच नाते नाही का, असे विचारत तरुणांनी निषेधाचे पत्रक काढले. त्याला 'काळा डिसेंबर' म्हणतात. त्यापायी हरसोनोंसह काही विद्यार्थ्यांवर कलाशाळेने कारवाई केली. प्रश्न विचारला म्हणून शिक्षा! पण ते गप्प बसले नाहीत. १९७५ पासून त्यांनी सोबत्यांबरोबर नव्या कलेची चळवळच उभी केली.

त्या पत्रकावर सही करणाऱ्यांत सिती आदियाती ही तरुणीही होती. १९७९ साली तिने पाण्यात खरी जलपर्णी सोडली आणि तिच्यात सोनेरी प्लॅस्टिकची फुले खोचली. वरवर सोन्याची झळाळी, खाली तण माजलेले. श्रीमंत-गरिबांतली दरी तिने अशी दाखवली. जलपर्णी काय असते, हे नदीकाठच्या बाईला वेगळे सांगायला नको.

फळ्यावरचा आंबा जसाच्या तसा उतरवला की चित्रकला आली, असे आपण समजतो. लेक वेगळे काही काढायला लागली, तर "याने पोट भरणार आहे का?" म्हणून तिची वही मिटायला लावतो. मैत्रिणींनो, ती वही मिटू नका. "हे काय काढलंस?" एवढे तिला विचारा आणि ती सांगेल ते ऐका.

बैठकीच्या वहीत आपण ठराव लिहितो, सह्या करतो. पुढच्या बैठकीत एक पान कोरे ठेवू. हरसोनोंचा प्रश्न वाचू आणि प्रत्येकीने आपले उत्तर लिहू. जिला लिहिता येत नाही, तिने चित्र काढावे.