घशाचा कर्करोग : शस्त्रक्रिया की किरणोपचार?

(जत येथील व्याख्यानाचा मजकूर)



विडी आणि दारू ही जोडी घशाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे, हे आपण जाणताच. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते स्वरयंत्राचा रोग वाढल्यानंतर घ्यावयाच्या निर्णयाविषयी. "स्वरयंत्र काढावे लागेल" हे ऐकताच पुष्कळ माणसे घाबरून उपचारच टाळतात. मुका झालो तर मजुरी कशी मागायची, ही भीती खरी आहे. म्हणून दोन्ही मार्ग समजून घेऊ.

शस्त्रक्रियेत संपूर्ण स्वरयंत्र काढून गळ्यावर श्वासासाठी कायमचे छिद्र ठेवतात. पुष्कळदा नंतर किरणोपचारही लागतात. नैसर्गिक आवाज जातो. तथापि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये लहानशी झडप बसवून पुन्हा बोलता येते.

दुसऱ्या मार्गात सुमारे सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार आणि सोबत सिस्प्लॅटिन हे औषध देतात. १९९१ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ३३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी औषधे व मग किरणोपचार घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले. दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ६८ टक्केच होते. २००३ सालच्या अभ्यासात औषध व किरण एकाच वेळी दिले, तेव्हा दोन वर्षांनी ८८ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र शाबूत होते.

मग शस्त्रक्रिया कशासाठी? रोग स्वरयंत्राची कूर्चा फोडून बाहेर गेला असेल, किंवा स्वरयंत्र आधीच निकामी झाले असेल, तर सामान्यतः शस्त्रक्रियाच श्रेयस्कर. तेथे आवाजाच्या मोहाने जीव धोक्यात घालू नये. शिवाय सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडावर व कानांवर परिणाम होतो आणि किरणोपचारांनी गिळणे अवघड होते.

आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. हंगाम आला म्हणून किरणोपचार अर्धवट सोडू नयेत. खंड पडला की रोगाला वाढण्यास वाव मिळतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. परंतु बुडालेली मजुरी, मिरजेतील मुक्काम आणि सोबतीचा माणूस यांचा भार एकट्या कुटुंबाला पेलत नाही. तेथे वस्तीने उभे राहिले पाहिजे.

डॉक्टरांना तीन प्रश्न निर्भयपणे विचारा : कूर्चा शाबूत आहे काय? स्वरयंत्र काम करते काय? पूर्ण उपचार रुग्णास झेपतील काय? या तीन उत्तरांवरच निर्णय घ्यावा, भीतीवर नव्हे. आणि आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसला तर तपासणीस विलंब लावू नका, एवढीच विनंती करून आम्ही थांबतो.