अल्प खर्चांत पेडल स्टील गिटार

मुंबईच्या जुन्या चित्रपटगीतांत मधूनच एक लांबवर घसरत जाणारा स्वर ऐकूं येतो. वॅन शिप्ले यांच्या ध्वनिमुद्रिकांनीं तर तो घरोघरीं पोंचविला. तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजविण्याच्या या पद्धतीचें श्रेय हवाई बेटांतील जोसेफ केकुकू यांना देतात. पुढें अमेरिकेच्या मुख्य भूमीवर या वाद्याला पाय फुटले आणि पेडलेंहि जोडलीं गेलीं. १९५४ सालीं गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गीतांत बड आयझॅक्स यांनीं तारा निनादत असतांनाच पेडल दाबून स्वर चढविले, आणि नॅशव्हिलच्या वादकांना या ढंगाचें वेड लागलें.

हें वाद्य शिकूं पाहणाऱ्याची पहिली गांठ मात्र किंमतीशीं पडते. दहा तारा, तीन पेडलें, गुडघ्यांनीं ढकलावयाच्या चार कळा आणि पोटांत सळयांचें जाळें. एवढें यंत्र स्वस्त कसें असावें? मग बेताच्या मिळकतीचा मनुष्य एखादें खिळखिळें वाद्य घेऊन बसतो. पेडल सोडल्यावर तार मूळ स्वरावर परतत नाहीं. दोष यंत्राचा कीं आपल्या कानाचा, हें नवशिक्याला कळावें कसें? तो बिचारा आपल्या कानालाच दोष देतो आणि वाद्य माळ्यावर टाकतो. गेलेल्या पैशांपेक्षां हें नुकसान मोठें.

त्यापेक्षां पहिले कांहीं महिने पेडलांवांचून काढावे. घरांतील जुन्या गिटारच्या मानेच्या टोकाशीं तारा उंच उचलणारी खांचेची पट्टी बसवावी आणि तारा डी मेजरमध्यें लावाव्या. त्यांत तारा उतरवावयाच्या असल्यामुळें जुन्या वाद्यावर ताण पडत नाहीं. वाद्य मांडीवर आडवें ठेवून कांडी नेमकी पडद्याच्या रेघेवर धरावी. केसभर पुढेंमागें झाली कीं स्वर बिघडला! नको असलेली तार उजव्या तळहाताच्या कडेनें दाबून मुकी करणें, हीच खरी मेहनत. मींड ऐकून वाढलेल्या कानाला येथें पुष्कळ साहाय्य होतें.

पैसे सांठल्यावर दोन मानांच्या वाद्याच्या मोहांत पडूं नये. ई-नाइन पद्धतीनें लावलेली एकच मान पुरते. पहिलीं दोन पेडलें एकदम दाबलीं कीं कांडी न हलवितां ई मेजरचा ए मेजर होतो. या वाद्याचा जीव त्यांतच आहे. एकच कळ असलेलें विद्यार्थ्यांचें वाद्य लौकर अपुरें पडतें. चार कळांसाठीं आणखी थोडें थांबणें बरें. खरेदीपूर्वीं प्रत्येक पेडल दहा-वीस वेळां दाबून सोडावें आणि तार मूळ स्वरावर येते कीं नाहीं, तें मोबाइलवरील फुकट मिळणाऱ्या सूरमापकावर पाहावें. रंग उडालेला चालेल, पेटी फाटकी चालेल, नांव अपरिचित चालेल. तिसरी तार मात्र सर्वांत बारीक आणि वारंवार तुटणारी. ती तेवढी सुटी, चार-पांच नग, आणून ठेवावी.