घरी जायचं म्हटलं तर?

माझ्या सहा वर्षांच्या नातीला मी पहिल्यांदा तंबूत मुक्कामाला नेलं, आणि रात्री बारा वाजता तिला घेऊन घरी परत आलो. आज त्या फसलेल्या सहलीविषयी बोलणार आहे. ती खरोखरच फसली का, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

आम्ही तळेगाव दाभाड्याचे. आमच्या गावाला मुक्कामी भटकंतीचं वेड नवीन नाही. गो. नी. दांडेकर आमच्याच गावात राहिले. त्यांचा ‘पवनाकाठचा धोंडी’ आमच्या शेजारच्या पवनेच्या खोऱ्यातला आणि ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवरचा. अशा गावात राहून नातवंडांना चांदण्याखालची एक रात्र दाखवली नाही, तर माणूस तळेगावकर कसला? निदान मी बायकोला तरी हेच सांगितलं. लेक मात्र कुरकुरत होती. “अब्बा, ती अजून घरातसुद्धा दिवा लावून झोपते,” एवढंच म्हणाली.

म्हणून आम्ही तयारी सावकाश केली. आधी दोन रात्री तंबू घराच्या गच्चीवरच लावला. नातीला तिची स्वतःची बॅटरी दिली. लोकरीचे मोजे, कानटोपी आणि घरातलीच जुनी दुलई बरोबर घेतली. नवी पांघरुणं कितीही उबदार असली तरी त्यांना घरचा वास नसतो. बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, तंबूची चेन उघडी ठेवायची नाही आणि मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय पाण्याकडे जायचं नाही, हे तीन नियम तिच्याकडून पाठ करून घेतले. पवना धरणात माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. चौथं माझ्या बाजूने एक वचन दिलं. “तू ज्या क्षणी घरी जायचं म्हणशील, त्या क्षणी आपण निघू. कारण विचारणार नाही.”

हे वचन मी का दिलं, ते सांगायला हवं. मी नऊ वर्षांचा असताना शाळेच्या मुक्कामी सहलीला गेलो होतो. रात्री अंधारात जाग आली आणि रडू कोसळलं. “घरी जायचं” म्हणालो. तिथे हसण्यासारखं काही नव्हतं, तरी सगळे हसले, मोठी माणसंसुद्धा. सकाळी मला एक नाव पडलं आणि ते दहावीपर्यंत टिकलं. पुढे मी लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग सगळं पायाखाली घातलं. पण दिवस मावळायच्या आत खाली उतरायचो. मित्रांना वाटायचं, याला मगरीबच्या नमाजाची घाई असते. मी तो समज कधी मोडला नाही. खरं कारण आज पहिल्यांदा सांगतोय. मला उघड्यावरच्या अंधाराची भीती वाटायची.

तर जानेवारीतला, अमावास्येजवळचा एक शनिवार. निघताना नानीने दुआ पढून नातीवर फुंकर मारली. कामशेतवरून वळलो, करुंज मागे टाकलं, पवनानगर ओलांडून तिकोन्याच्या पायथ्याच्या बाजूला गेलो. तिथे माझ्या एका शाळकरी मित्राचं शेत आहे. मित्राच्या आईने पोरीवरून मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. म्हणजे बंदोबस्त दोन्हीकडून चोख झाला होता. पिठलं-भाकरी जेवलो आणि तंबूबाहेर सतरंजी टाकून आडवे झालो.

आकाश असं होतं की बोलायला सुचेना. मी तिला मृग दाखवला. चार कोपऱ्यांचे चार तारे, आणि पोटात एका ओळीत तीन. तो व्याधाने मारलेला बाण. बाणाची ओळ खाली वाढवली की व्याधाचा ठळक तारा येतो, वर वाढवली की रोहिणीचा तांबूस तारा, आणि त्याच्याही पुढे कृत्तिकांचा झुबका. मग मी तिला दुसरी नावं सांगितली. रोहिणीच्या त्या ताऱ्याला अरबीत म्हणतात दबरान, म्हणजे मागून येणारा. कारण तो कृत्तिकांच्या मागून उगवतो. आणि कृत्तिकांना म्हणतात सुरैया.

“सुरैया? आमच्या वर्गात आहे!” ती उठूनच बसली. “तिला माहितेय का, ती वर आहे ते?”

इथवर सगळं छान होतं. पलीकडे, पाण्याच्या काठाने भाड्याच्या तंबूंची रांग होती आणि तिथे मोठमोठ्याने गाणी वाजत होती. मी मनातून चरफडत होतो. नात मात्र त्या धांगडधिंग्यातही गाढ झोपली. अकराच्या सुमाराला गाणी बंद झाली. मी म्हटलं, सुटलो. आणि त्याच क्षणी ती जागी झाली.

आमचं घर तळेगाव स्टेशनजवळ आहे. रात्रभर गाड्या जातात. लोणावळ्याची लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या. त्या पोरीने जन्मात शांतता ऐकलीच नव्हती. ती कान देऊन बसली आणि हळूच म्हणाली, “नाना, गाडी का येत नाही?”

मी म्हटलं, इथे रूळ नाहीत. एवढ्यात शेतावरून टिटवी ओरडत गेली. नातीने बॅटरी लावली आणि ती विझवायला ती काही केल्या तयार होईना. तंबूच्या कापडावर आमच्याच सावल्या राक्षसाएवढ्या झाल्या. मग ओठ थरथरले आणि ते वाक्य आलं. “मला घरी जायचंय.”

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या तोंडात तीच सगळी वाक्यं आली, जी मी नवव्या वर्षी ऐकली होती. “एवढी मोठी झालीस ना? बघ, सगळे झोपलेत. आता काय, सकाळ होईलच.” शेजारी मित्राचे नातू घोरत होते. मित्र उठून बसला होता. एवढ्या रात्री सामान आवरायचं, म्हातारीला उठवून सांगायचं, लेकीसमोर हरल्याचं कबूल करायचं! एकदा झोपली की झालं, असाही विचार मनात आला. पण “कारण विचारणार नाही” हे मीच बोललो होतो. आणि आणखी एक गोष्ट मला त्या अंधारात स्वच्छ दिसत होती. भीती मलाही वाटत होती. तिने म्हटलं नसतं, तर मी म्हणू शकलो नसतो, एवढाच आमच्यात फरक.

मी म्हटलं, “चल.”

पाच मिनिटांत निघालो. मित्र हसला नाही, हे त्याचे उपकार. पवनानगर यायच्या आत ती मागच्या सीटवर झोपली. दार उघडताना लेक काही बोलली नाही. तिचा चेहरा बोलला. नानी म्हणाली, “आली ना घरी? बस.” तेवढ्यात स्टेशनातून एक मालगाडी धडधडत गेली आणि पोर झोपेतच हसली.

दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचे विचारू लागले, कशी झाली सहल? मी नजर चुकवत होतो. नात मात्र सगळ्यांना ऐटीत सांगत होती, “आम्ही रात्री बारा वाजता परत आलो! मी म्हटलं आणि नाना लगेच निघाले!” तिच्या लेखी तिकोना नाही, तारे नाहीत, तिने म्हटलं आणि नाना निघाले, हीच सहल होती.

मी विषय पुन्हा काढला नाही. मे महिन्याच्या अखेरीला तिनेच काढला. “नाना, परत जायचं का? पण या वेळी गाणी नकोत.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागायला दोन-तीन दिवस असताना आम्ही आंदर मावळात गेलो. टाकव्याच्या पुढे एका ओळखीच्या घरी अंगणात पथाऱ्या टाकल्या. पावसाचा नेम नाही, म्हणून छप्पर जवळ असलेलं बरं. तिने आकाशात मृग शोधला. दिसेना. मी सांगितलं, आता सूर्य त्याच्याच दिशेला आलाय. मृग सूर्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबर मावळतो, म्हणून रात्री दिसत नाही. सूर्य मृग नक्षत्रात गेला की आपण म्हणतो मृग लागला, आणि शेतकरी पावसाची वाट बघतो.

मग आम्ही घराच्या मागच्या झाडीकडे गेलो. तिथे काजवे होते. आधी दोन-चार, मग झाडच्या झाड. एका तालात उजळायचं, विझायचं. तिच्या हातात बॅटरी लागलेलीच होती. मी सांगितलं, उडणारा नर उजेडाने हाक मारतो आणि झुडपात बसलेली मादी उजेडानेच उत्तर देते. हे थोडेच दिवस जगतात, तेवढ्यात त्यांना एकमेकांना शोधायचं असतं. आपल्या दिव्याने त्यांना एकमेकांची हाक दिसत नाही. तिने विचारलं, “हातावर बसला तर भाजेल?” म्हटलं, नाही, हा उजेड थंड असतो.

तिने थोडा विचार केला आणि बॅटरी विझवली. मी सांगितलं नव्हतं.

परत येऊन झोपलो. मध्यरात्री मला जाग आली तेव्हा ती टक्क जागी होती. चहूकडे काळोख, रातकिड्यांची किरकिर. माझा हात चाचपून ती म्हणाली, “नाना, इथे पण गाडी नाही ना?”

“नाही.”

“आणि मी आत्ता घरी जायचं म्हटलं तर?”

“लगेच निघू.”

“बरं,” ती म्हणाली, कुशीवर वळली आणि झोपून गेली.

मी बराच वेळ जागा होतो. पण पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच, उघड्यावरच्या त्या अंधारात मला उठून कुठे जावंसं वाटलं नाही.