पोटाच्या कागदावरची भाषा



३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला, याचा आनंद मलाही आहे. परंतु मी कामगारांत वावरणारा माणूस. भाषेची परीक्षा मी मखरात नव्हे, कागदावर घेतो. एका कारखान्यात आमच्या एका पोराने पुढे केलेल्या इंग्रजी कागदावर सही केली. तो राजीनामा निघाला.

वेल्समध्ये ट्रेव्हर बीझली हा कोळशाच्या खाणीतला कामगार होता. १९५२ साली त्याने व त्याची पत्नी आयलीन हिने घरपट्टीचे बिल वेल्श भाषेत मागितले. नकार आला, तेव्हा त्यांनी पट्टी भरलीच नाही. पुनःपुन्हा कोर्ट झाले, घरातले सामान जप्त झाले. अखेर १९६० साली दोन्ही भाषांतले बिल दारी आले. १९६७ साली वेल्श भाषेचा कायदाही झाला.

आपल्याकडे उलटे झाले. स्थायी आदेशांचा कायदा १९४६ सालीच आला होता. कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत दाराशी लावण्याची त्यात सक्ती होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली. इतक्या वर्षांत तो फलक आपण किती जणांनी वाचला?

पुनावळेकरांनो, न समजलेल्या कागदावर सही करू नका, मराठीत मागा. आणि शेजारच्या यंत्रावरच्या बिहारी भावालाही त्याच्या भाषेत समजावून द्या. त्याच्या अज्ञानावर उभा राहिलेला मराठीचा अभिमान हा त्या राजीनाम्याचाच दुसरा कागद होय.